घाटाच्या पायऱ्यांवर रंगांचा खेळ नको

महोदय,

आमच्या गावच्या नदीघाटावर दिवाळीच्या तोंडावर नवी रोषणाई झाली. दोन्ही कठड्यांत रंग बदलणारे एलईडी दिवे बसवलेत. लाल, निळा, हिरवा, दर चार-पाच सेकंदांनी नवा रंग. पुलावरून फार देखणं दिसतं. भाऊबीजेच्या संध्याकाळी माझ्या पत्नीचा शेवटच्या पायरीवर पाय चुकला आणि घोटा सुजला. "पायरी होती तिथं खळगा दिसला," एवढंच ती म्हणाली. घरच्यांनी चष्म्याला दोष दिला. मी तीस वर्षं नाटकांचे लाइट्स केलेत, त्यामुळे दुसऱ्या दिवशी जाऊन घाटावरच बसलो.

पायऱ्या करड्या दगडाच्या. पाय चुकू नये म्हणून कडेला पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा मारलेला. लाल उजेडात हा पट्टा दगडापेक्षा उजळ दिसतो. निळा आला की तोच काळा पडतो, कारण पिवळा रंग निळा प्रकाश गिळून टाकतो. नाटकात दिव्यापुढे लावलेल्या हिरव्या जिलेटीनच्या रंगीत कागदाखाली नायिकेचा लाल शालू काळा दिसायचा, त्यातलाच हा प्रकार. म्हणजे आत्ता जी कड होती, ती क्षणात भेग होते. त्यात उजेड दोन्ही बाजूंनी सारखा येतो, त्यामुळे पायरीची उभी आणि आडवी बाजू एक होऊन जाते; सावलीच पडत नाही, तर उतार कळणार कसा? उतरणाऱ्यांचे पाय पाहत होतो. रंग बदलला की पाऊल अधांतरी थबकायचं आणि हात कठडा चाचपायचा. (पोरं मात्र धावतच उतरत होती, त्यांना कसलंच काही नाही.)

रंगीत उजेडाशी माझं वैर नाही, जन्म त्यातच गेला. लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात 2003 साली ओलाफर एलियासन या कलाकाराने अवाढव्य दालनात एकरंगी पिवळ्या दिव्यांचा सूर्य उभा केला, तेव्हा माणसं चक्क जमिनीवर उताणी पडून राहिली होती. वर आरशांचं छत होतं हेही खरं. पण घाटावर कुणी उताणं पडावं असा नगरपालिकेचा हेतू नसावा!

विंगेत आम्हीही निळा दिवा ठेवायचो. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना मंद निळा पुरतो. पण तो जागचा हलत नसे, रंग बदलत नसे, आणि पायरीच्या कडेला पांढरी चिकटपट्टी असे. निळ्यात पांढरं पांढऱ्यासारखंच उठून दिसतं.

रंग हवेत तर देवळाच्या भिंतीवर टाका, पिंपळावर टाका. पायऱ्यांवर वरून पडणारा एकच पिवळसर, स्थिर दिवा पुरे. त्रिपुरी पौर्णिमा आठवड्यावर आली आहे. त्या रात्री बायका पायरीपायरीवर पणत्या मांडतात, तेवढ्या उजेडात पायरी नीट दिसते. निदान त्या संध्याकाळी तरी एलईडीचा खटका बंद ठेवावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्रकाशयोजनाकार