ताजी काचपट्टी विद्यार्थ्यांच्या हाती द्या

महोदय,

हिवतापाच्या काचपट्ट्या तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. निवृत्तीच्या आदल्या पावसाळ्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी आमच्या प्रयोगशाळेत आली. हिवतापाच्या जंतूचे, म्हणजे प्लाझमोडियमचे, जीवनचक्र तिने कागदावर न अडखळता काढून दाखवले. पण रुग्णाच्या रक्ताची काचपट्टी तिने कधी पाहिलीच नव्हती. कॉलेजात होत्या त्या कपाटात फिक्या पडलेल्या पर्मनंट स्लाइड. स्पॉटिंगला ओळखायच्या, जर्नलवर सही घ्यायची, झाले!

तेलाचा थेंब टाकून शंभरच्या भिंगाखाली मी तिला पातळ स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर, दिला. 'काका, रिंग सापडली!' ती लगेच म्हणाली. रिंग म्हणजे तांबड्या पेशीच्या आत अंगठीसारखा दिसणारा कोवळा जंतू. पण तिला दिसली ती पेशीवर बसलेली प्लेटलेट होती. फाइन फोकस किंचित फिरवायला सांगितला, तेव्हा ठिपका पेशीच्या आत नसून वर आहे, हे तिचे तिलाच कळले. तासाभराने खरी रिंग दिसली तेव्हा तिने हाक मारली नाही. आधी फोकस फिरवून खात्री केली. संशोधनाची सवय अशी लागते.

'आता रॅपिड किट आहे, मायक्रोस्कोप कशाला?' असे विचारले जाते. दुर्गम गावात किटचा मोठाच आधार आहे, ते हवेच. पण फाल्सिपेरम या घातक हिवतापाचे किट उपचारानंतरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्तात जंतू किती आणि औषधाने ते घटतात का, हे काचपट्टीच सांगते. हत्तीरोगाच्या कृमींची सूक्ष्म पिल्ले, मायक्रोफायलेरिया, तर आपल्याकडे रात्री दहा ते दोनच्या दरम्यान रक्तात जास्त सापडतात. रात्रीच्या रक्तनमुन्यांच्या त्या फेरीला मुलांनी एकदा तरी यावे.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीत क्षेत्रीय प्रकल्प आले आहेत. गोंडवाना विद्यापीठाने त्यासाठी हिवताप विभागाशी बोलावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. रुग्णाचे नाव झाकून तीच काचपट्टी दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांना न सांगता वाचावी, मग अनुभवी तंत्रज्ञाच्या नोंदीशी ताडून पाहावी. कुठे चुकले, का चुकले, एवढे शोधले तरी अस्सल प्रकल्प होईल.

आठवड्यातून दोन दुपारी शिकवायला मी येईन. मानधन नको. चालू स्थितीतले चार मायक्रोस्कोप आणि दहा मुले पुरेत.

– एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, चंद्रपूर