आणखी दोन वर्षे

मॅडिसन, विस्कॉन्सिन
१३ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आई व बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र लिहायला मी दोन महिने उशीर केला आहे. विद्यापीठातल्या माझ्या विभागाने संशोधक म्हणून माझी नेमणूक ऑगस्ट २०२७ पर्यंत वाढवत असल्याचे जुलैमध्ये कळवले आणि मी त्याच आठवड्यात कागदावर सही केली. त्यानंतर दर रविवारी आपण फोनवर बोललो. गौरी जेवल्या त्या दिवशी तर आई, तू फोन थेट गौरींसमोर धरलास आणि मला पुरणाची आरती दाखवलीस, तेव्हाही हे सांगायचे म्हणून मी दोनदा तोंड उघडले आणि दोन्ही वेळा पावसापाण्याचे विचारून विषय बदलला. तुम्हाला न विचारता मी आजवर एवढा मोठा निर्णय घेतला नव्हता. विचारले असते तर बाबा, तुम्ही ‘तुला योग्य वाटेल ते कर’ एवढेच म्हणाला असतात आणि त्या आवाजावरून मी सही केली नसती, हे मला ठाऊक होते.

दुसरी गोष्टही आताच सांगून टाकते. यंदा दिवाळीला माझे येणे होणार नाही. माझे इथले वास्तव्य विद्यापीठाने दिलेल्या डीएस-२०१९ या कागदावर चालते आणि तो कागद आता २०२७ पर्यंतचा आहे, त्यामुळे माझ्या राहण्यात कायद्याने कोणतीही उणीव नाही, ही खात्री बाळगा. पासपोर्टवरील व्हिसाच्या शिक्क्याची मुदत मात्र संपली आहे. देशाबाहेर पडले तर परत शिरण्यासाठी मुंबईच्या वकिलातीतून नवा शिक्का घ्यावा लागेल. या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस विद्यार्थी आणि संशोधकांना मुलाखतीच्या नव्या तारखा देणेच थांबवले होते, ते जूनच्या मध्यानंतर पुन्हा सुरू झाले. तीन आठवड्यांची रजा काढून यावे आणि तारखेअभावी तिथेच अडकावे, तर इकडे चाललेला प्रयोग पूर्ण वाया जाईल. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात, आधी तारीख मिळवून मगच तिकीट काढायचे असे ठरवले आहे. दादाला हे नीट समजावून सांगा, नाहीतर तो उगाच तिकिटांचे दर पाहत बसेल.

बाबा, गावात तुम्हाला कोणीतरी सांगितले होते की माझ्या जे-१ या देवाणघेवाण कार्यक्रमाच्या व्हिसावर दोन वर्षे मायदेशी परतण्याची सक्ती असते, आणि तुम्हाला त्याचा आधार वाटत होता. ती सक्ती कोणत्या देशांच्या कोणत्या विषयांना लागू, याची एक यादी असते. डिसेंबर २०२४ मध्ये ती यादी बदलली आणि तिच्यातून भारताचे नाव निघाले. सरकारी निधीवर आलेल्यांची गोष्ट वेगळी, पण मला आता ती अट नाही. हे मी लपवू शकले असते. तरीही सांगते, कारण सक्ती उठली म्हणून मी परतणार नाही असा अर्थ तुम्ही काढू नये. जे-१ वर संशोधक म्हणून जास्तीत जास्त पाच वर्षे राहता येते, तेवढी मला नकोतच. मला हे काम पुरे करायचे आहे आणि ते शिकून आपल्याकडच्या दुधासाठी वापरायचे आहे.

ते काम तुमच्यामुळेच माझ्या वाट्याला आले आहे, बाबा. पाश्चरीकरणाच्या तापमानातूनही जे जिवाणू बीजाणूंच्या रूपाने जिवंत राहतात आणि मग दूध नासवतात, त्यांच्यावर मी काम करते. एप्रिल-मे महिन्यात आपल्या दूध संस्थेचे दूध नासले म्हणून वरच्या डेअरीतून परत यायचे आणि तुम्ही रात्री जेवताना कोणाशी बोलायचा नाहीत, ते मी विसरलेले नाही. माझी प्रयोगशाळा ज्या परिसरात आहे तिथल्या दूध प्रकल्पाच्या इमारतीला बॅबकॉक यांचे नाव आहे. दुधातील फॅट मोजण्याची सोपी पद्धत त्यांनी याच विद्यापीठात १८९० मध्ये काढली आणि तिचे पेटंट घेतले नाही. तुम्ही संस्थेत गर्बरच्या पद्धतीने फॅट काढायचा, तिच्याआधीची ही. तेच सल्फ्युरिक आम्ल, तेच नळी गरगरा फिरवणारे यंत्र. पहाटे पाच वाजता तुमच्या शेजारी स्टुलावर बसून मी नळीवरचा पिवळा थर वाचायचे आणि तुम्ही वहीत आकडा लिहायचा, आठवते ना? आमच्या प्रयोगशाळेच्या दारावरच्या पाटीवर माझ्या नावाला जोडून तुमचेही नाव आहे. आपल्या पासपोर्टात मुलीच्या नावापुढे वडिलांचे नाव लिहिलेले असते आणि इथे ते दोन्ही मिळून पहिले नाव धरतात. कागदोपत्री याचा त्रास होतो, पण ती पाटी बदलून घ्यावी असे मला एकदाही वाटले नाही.

शेजारच्या मास्तरांची मुलगी जानेवारीत अमेरिकेला निघाली आहे आणि तिला चार गोष्टी लिहून पाठव, असे तुम्ही म्हणाला होतात. त्या याच पत्रात लिहिते. तिला वाचून दाखवा आणि तुम्हीही लक्ष देऊन वाचा, कारण मी इथे कशी राहते हे त्यातून तुम्हाला कळेल. नावाची ही गोष्ट तिला पहिली सांगा. पासपोर्ट, बँक, विद्यापीठ आणि भाडेकरार या सगळीकडे नाव एकाच पद्धतीने लिहायचे. आल्या आल्या आय-९४ ही प्रवेशाची नोंद संकेतस्थळावरून उतरवून तिच्यातले नाव आणि तारीख तपासायची, आणि तीस दिवसांच्या आत विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात हजेरी लावायची. पुढे घर बदलले तर दहा दिवसांत तेही त्यांना कळवायचे. पगार आणि करासाठी लागणाऱ्या सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी उतरल्या दिवशी धावू नये. तोवर सरकारी नोंदी जुळलेल्या नसतात, सुमारे दहा दिवस थांबून गेले की काम एका फेरीत होते. मी तिसऱ्याच दिवशी गेले आणि हात हलवत परतले. पहिला पगार हातात पडायला वेळ लागतो, म्हणून दीड-दोन महिन्यांचा खर्च आणि घराची अनामत रक्कम बरोबर आणावी. इथे आपली कोणतीही पत नसते. कॉलेजात आपण पहिल्या आलो होतो याला घरमालकाच्या लेखी किंमत नाही, म्हणून तो जास्त अनामत मागतो. बँकेत थोडे पैसे ठेव म्हणून अडकवून मिळणारे कार्ड घ्यावे आणि दर महिन्याला त्याचे पूर्ण बिल भरावे, म्हणजे पत हळूहळू तयार होते.

घराविषयी तुम्हाला मी त्या वेळी सगळे सांगितले नव्हते. मी आले तेव्हा खोलीत काहीही नव्हते. पलंग नाही, टेबल नाही, आणि छताला दिवासुद्धा नाही, कारण इथे पुष्कळ घरांत दिवा स्वतः आणून कोपऱ्यात उभा करावा लागतो. पहिल्या रात्री स्वयंपाकघराच्या दिव्याच्या उजेडात मी जमिनीवर आजीची गोधडी अंथरली. आई, ती बॅगेत ठेवू नको म्हणून मी तुझ्याशी भांडले होते. त्या रात्री गोधडीतल्या तुझ्या जांभळ्या साडीच्या तुकड्यावर गाल टेकवला तेव्हा कुठे झोप आली. पण पुढचे ऐका. मॅडिसनमध्ये बहुतेक भाडेकरार ऑगस्टच्या मध्यावर संपतात आणि १५ ऑगस्टच्या सुमारास निम्मे गाव घर बदलते. जाणारी मुले चांगले सामान रस्त्याच्या कडेला ठेवून जातात. माझे लिहिण्याचे टेबल, दोन खुर्च्या आणि पुस्तकांची मांडणी तशीच मिळाली आहे. कापडी सोफा किंवा गादी मात्र रस्त्यावरून कधी उचलू नये, त्यात ढेकूण असू शकतात. गादी मी नवी घेतली, काळजी करू नये. विस्कॉन्सिनमध्ये घरात आल्यापासून सात दिवसांत जुनी मोडतोड लिहून देता येते आणि घर सोडल्यावर एकवीस दिवसांत मालकाने अनामत परत द्यावी लागते. मी भिंतीवरच्या प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढून ठेवला आहे. भाड्यात हीटिंग धरलेले आहे का, हे सही करण्यापूर्वी विचारायचेच.

आई, जेवणाचे तू दर वेळी विचारतेस, म्हणून सविस्तर लिहिते. ज्वारीचे पीठ, तूरडाळ, चिंच, सगळे भारतीय दुकानात मिळते. शनिवारी सकाळी राज्याच्या कॅपिटॉलभोवती, म्हणजे विधानभवनाभोवती, शेतकऱ्यांचा बाजार भरतो, आज सकाळीच मी तिथून मेथीसारखी एक पालेभाजी, मका आणि ताजी कोथिंबीर आणली. पहिल्या आठवड्यात वरणाला फोडणी दिली तेव्हा मोहरी तडतडताच छतावरचा धुराचा गजर असा काही वाजू लागला की शेजारचे सगळे दारात आले. मी खुर्चीवर उभी राहून टॉवेलने वारा घालत होते आणि डोळ्यांत पाणी होते, अर्धे मिरचीचे आणि अर्धे तुझ्या आठवणीचे. आता आधी खिडकी उघडते, पंखा लावते, मगच तेल तापवते. मास्तरांच्या मुलीने मिक्सर आणू नये. इथे वीज १२० व्होल्टची आहे आणि आपला मिक्सर २३० व्होल्टचा, त्यामुळे तू दिलेला मिक्सर अजून तसाच खोक्यात आहे. कुकर मात्र आणावा, आणि जास्तीच्या दोन रिंगा आणाव्यात.

थंडीची भीती तुम्ही मनातून काढून टाका. डिसेंबरमध्ये साडेचारच्या आत सूर्य मावळतो आणि जानेवारीत एखाद्या दिवशी पारा उणे वीसच्याही खाली जातो, हे खरे आहे. मेंडोटा तलाव इतका घट्ट गोठतो की लोक त्यावर चालत जातात आणि बर्फाला भोक पाडून मासे धरत बसतात. पण घरे आणि बसगाड्या उबदार असतात. अंगावर एकच जाड कोट घालण्यापेक्षा तीन-चार पातळ थर, कान झाकणारी टोपी आणि न घसरणारे बूट यांवर पैसे खर्च करावेत, आणि ते भारतातून न आणता इथेच घ्यावेत. तिचे येणेच जानेवारीतले आहे, तेव्हा अंगावर निदान एक उबदार जाकीट घालून विमानातून उतरावे.

बूट उशिरा घेतल्याचा भुर्दंड मला बसला. गेल्या जानेवारीत मी बर्फावर घसरले आणि मनगट सुजले. हे मी तुम्हाला सांगितले नव्हते, रागावू नका, हाड मोडलेले नव्हते आणि आता हात पूर्ण बरा आहे. घाबरून मी थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात गेले, सहा तास थांबले आणि महिन्याभराने आलेले बिल पाहून रात्रभर जागी राहिले. एवढ्या दुखण्याला अर्जंट केअर नावाचे छोटे दवाखाने असतात, तिथे जावे आणि तो दवाखाना आपल्या विम्याच्या यादीत आहे ना, हे आधी पाहावे. जिवावरचे दुखणे असेल तर मात्र कशाचाही विचार न करता ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. जे-१ वाल्यांना प्रत्येक आजारासाठी वा अपघातासाठी किमान एक लाख डॉलरचा विमा सक्तीचाच असतो आणि माझा त्याहून चांगला आहे. तरी आधी काही रक्कम खिशातून भरावी लागते, तेव्हा कागद येताक्षणी ती किती हे वाचून ठेवावे. कराचा अर्जही विसरू नये. पगार असलेल्यांनी १०४०-एनआर आणि त्याला जोडून ८८४३ हा फॉर्म १५ एप्रिलपर्यंत भरायचा असतो.

आता तुमच्यासाठी, आणि हे आग्रहाने सांगते. तुमची मुलगी पकडली गेली आहे, पैसे पाठवा, असा फोन कोणी केला तर एक रुपयाही पाठवायचा नाही, फोन ठेवायचा आणि मला लावायचा. इथेही कर खात्याच्या नावाने असे फोन येतात. कोणी माझ्या आवाजात बोलले तरी आधी विचारायचे, आपल्या लंगड्या शेळीचे नाव काय होते. ते नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही.

बाबा, साखरेची तपासणी दर तीन महिन्यांनी व्हायलाच हवी आणि तिचा कागद वहिनीने मला पाठवायचा. संध्याकाळचे चहाचे दोन कप एकावर आणा. आई, डोळ्याचे ऑपरेशन माझ्या येण्यासाठी लांबवू नकोस. दादा रजा काढणार आहे, त्याच्याशी माझे बोलणे झाले आहे. मी आले की तुझ्या डोळ्यांत औषध घालीन या आशेवर तू तारीख पुढे ढकलते आहेस, हे मला कळते. जिन्यावर रात्री दिवा लावून ठेवा, विजेच्या बिलाचा विचार करू नका, ते यापुढे मी भरणार आहे. तुम्ही दोघांनी माझ्यावर रागवावे, हवे तर पुढच्या रविवारी फोनवर बोलू नये, पण औषधे चुकवू नयेत.

तुमची,
चिमी

ता. क. २ नोव्हेंबरला इथली घड्याळे एक तास मागे जातील. गेल्या वर्षी भाऊबीजेलाच तसे झाले होते आणि आई, तू तासभर न जेवता फोनपाशी बसून राहिली होतीस. या वेळी त्या रविवारपासून माझा फोन साडेसातऐवजी साडेआठला येईल. तोवर जेवून घे.