खुर्ची सांगून ठेवली आहे

ऑल्बनी (न्यूयॉर्क राज्य), ऑक्टोबर

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबांच्या गुडघ्याचा विषय निघाला की बाबा फोन आईच्या हातात देतात, म्हणून लिहूनच पाठवते आहे. दोघांनी एकत्र बसून वाचा, आणि वाचून होईपर्यंत काकूला फोन लावू नका.

दिवाळीला मी येत नाही, यावर पुन्हा लिहीत नाही. लिहायला बसले तर पुढचं राहून जाईल. तुम्ही इकडे याल तेव्हासाठी डिसेंबरातल्या पहिल्या रविवारची, दुपारी ३ च्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या मैफिलीची तीन तिकिटं काढली आहेत. ट्रॉय नावाच्या छोट्या गावात, हडसन नदीच्या पलीकडच्या काठावर, घरून गाडीने वीसेक मिनिटं. थिएटरचं नाव ऐकून बाबा हसतील: ट्रॉय सेव्हिंग्ज बँक म्युझिक हॉल. बँकेनेच १८७५ साली बांधलेलं, खाली बँक आणि वर हजारावर माणसं बसतील असं सभागृह. जन्मभर लेजर सांभाळलेल्या माणसाला दुसरीकडे कुठे न्यायचं?

आता मुद्द्याचं. बाबा, तुमच्यासाठी व्हीलचेअरची जागा घेतली आहे. विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं. तुम्हाला चालता येत नाही असं मी म्हणत नाहीये. पण सभागृह वरच्या मजल्यावर आहे आणि पायऱ्या टाळून जायची वाट मी फोन करून विचारून ठेवली आहे. शिवाय १८७५ च्या माणसांच्या मापाच्या रांगा. जुन्या थिएटरांत गुडघा पसरायला जागा नसते. तुमचा डावा गुडघा तासभर दुमडून बसला की उठताना काय होतं ते आई मला सांगते, तुम्ही सांगत नाही. इथल्या कायद्याने व्हीलचेअरच्या जागेला लागून सोबतच्यांना तीनपर्यंत खुर्च्या मिळू शकतात, त्यामुळे आम्ही दोघी तुमच्या शेजारीच असू. मुंबईच्या विमानतळावर खुर्चीत बसून सगळ्यांच्या पुढे गेलात तेव्हा तर मजा वाटली होती ना? हीपण तशीच समजा. काठी बरोबर घ्या. मध्यंतरात उभं राहून स्टेजमागचा ऑर्गन बघायचा आहे. १८८२ चा आहे, एका श्रीमंताच्या घरी होता, तो १८९० मध्ये इथे आणून बसवला. आपल्या पायपेटीच्या शंभरपट तरी असेल.

बाल्कनीत आवाज छान येतो म्हणतात, पण तिथे चढायचं नाही. बाल्कनीच्या छताखाली फार आतही नको, तिथे आवाज दबतो. म्हणून खालची, जरा मोकळी जागा धरली आहे.

एकही माईक नसतो. सत्तर-ऐंशी वादक, आणि सगळा आवाज लाकूड, प्लास्टर आणि उंच छत यांवरून फिरून येतो. सूर थांबला तरी क्षणभर हवेत राहतो. याचं गणित मांडलं सेबाइन नावाच्या प्राध्यापकाने, तेही १८९५ नंतर. म्हणजे हॉल आधी झाला, गणित वीस वर्षांनी. स्पीकर लावलेलं गाणं अशा ठिकाणी मात्र एकमेकांत मिसळून चिखल होतो, म्हणून तसला कार्यक्रम मी मुद्दाम टाळला.

आवाज असा फिरतो तसा आपलाही फिरतो. मिरजेच्या दर्ग्यात रात्रभर बसून मांडीवर ताल धरता तसं इथे चालत नाही. बाबा, ‘क्या बात है’ पोटात ठेवा. एका रचनेचे बहुधा तीन-चार भाग असतात आणि भाग संपला की दोन-चार श्वासांची शांतता असते. तेव्हा टाळी नाही. वादकांसमोर उभा असतो त्याचे हात पूर्ण खाली आले आणि तो आपल्याकडे वळला, की वाजवायची. सुरुवातीला ओबो, म्हणजे सनईसारखं एक वाद्य, एक सूर धरतो आणि बाकी सगळे त्यावर मिळवून घेतात. तो भाग चुकवू नका, तो तुम्हाला सगळ्यात ओळखीचा वाटेल.

आई, काचेच्या बांगड्या घरी. चिडू नकोस गं, पाटल्या घाल. शांततेत काच किती वाजते याची तुला कल्पना नाही. खोकल्याच्या गोळ्यांचे कागद गाडीतच काढून त्या रुमालात बांधायच्या, खडीसाखर असेल तर उत्तमच. बाबांच्या गुडघ्याच्या पट्ट्याचं वेल्क्रो मध्येच सैल करायचं नाही, मध्यंतरात करा. उशीर झाला तर एक रचना संपेपर्यंत बाहेर उभं ठेवतात, म्हणून पावणेदोनला निघायचं. जेवण साडेबाराला, बाबांच्या साखरेचं बघून, आणि लघवी जास्त होण्याची गोळी त्या दिवशी किती वाजता घ्यायची ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून आणा. मध्यंतर पंधरा-वीस मिनिटांचं असतं आणि बायकांची रांग लांब, तेव्हा आत बसण्याआधीच जाऊन यायचं.

कानाच्या मशीनचं नीट ऐका. बाबा, हल्ली तंबोरा थरथरतो म्हणता ना? तंबोरा थरथरत नाही. लांब, सरळ सूर आला की मशीनला वाटतं आपणच शिट्टी मारतोय, आणि ते सूर कापायला लागतं. सांगलीत जिथून घेतलं त्यांच्याकडून संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम करून घ्या. त्यात आवाज गाळणं बंद आणि शिट्टी रोखणं कमी करतात. आणि हो, माकडटोपी कानावर आली की मशीन खरंच शिट्टी मारतं. टोपी फक्त गाडीपर्यंत. नवीन बॅटरीचा स्टिकर काढला की दोन-तीन मिनिटं तिला हवा लागू द्या, लगेच बसवली तर ताकद पूर्ण येत नाही. दोन जादा खिशात ठेवा.

थंडीची काळजी नको. तुम्हाला दाराशी उतरवून मगच मी गाडी लावीन. जाड कोट बाहेर ठेवायचे, आत स्वेटर पुरेल. डिसेंबरात इथे साडेचारच्या आधीच सूर्य मावळतो, म्हणून बाहेर आल्यावर काळोख दिसेल; उशीर झाला असं समजून घाबरू नका, पाचच वाजलेले असतील. पण फुटपाथवर पाण्यासारखा दिसणारा बर्फ असतो, त्यावर कुणीही घसरतं, मीसुद्धा. गाडी येईपर्यंत आतच थांबायचं, बाबा. ‘जरा बघून येतो’ नाही. भावे नाट्यमंदिराच्या दारात माझा हात धरून ‘सोडायचा नाही’ म्हणायचात, तसं आता मी म्हणते आहे.

चहाचा थर्मास गाडीत असेल, आलं घालून. आई, हिरवी शाल तुझ्या हातातल्या पिशवीत घे, मोठ्या बॅगेत नको. गेल्या वेळचं लक्षात आहे ना?

तुमची,
मनू