आजीला वाचून दाखव

प्रिय आई,
सप्रेम सलाम. पप्पांना आणि आजीलाही सांग. मी बरी आहे, रविवारची उपासना चुकत नाही. तेव्हा 'तिकडे जाऊन देवाला विसरली' असं म्हणणाऱ्यांना तूच उत्तर दे.

स्वर्गात लग्न नाही हे ऐकून आजी रडली, असं लिहिलंस. अगं, ही शिकवण काही इथली नाही, बायबलातलंच मत्तय 22:30 आहे. तिला 23व्या वचनापासून वाचून दाखव. सदूकी म्हणजे यहुद्यांमधला एक पंथ. ते पुनरुत्थान (मेलेले पुन्हा उठतील हे) मानत नसत, म्हणून त्यांनी येशूला कोडं घातलं: सात भाऊ एकामागून एक वारले, बायको सगळ्यांची एकच, मग पुनरुत्थानात ती कोणाची? मूल न होता भाऊ वारला तर त्याच्या बायकोशी दुसऱ्या भावाने लग्न करायचं, हा मोशेचा नियम मेलेल्या भावाचा वंश चालावा म्हणून होता. लूक 20:36 मध्ये कारण उघड आहे: तिथे कोणी मरतच नाही, मग वंशाची काळजी कशाला? संपतं ते लग्न, माणसं नव्हेत. प्रीती तर नाहीच (1 करिंथ 13:8). 1 थेस्सलनीका 4:17 मधलं 'त्यांच्याबरोबर', म्हणजे आधी गेलेल्यांबरोबर, हे तिला दोनदा वाचून दाखव. शोक करणाऱ्यांसाठीच ते लिहिलंय.

इथली एक रीत मात्र चमत्कारिक. लग्नाआधीच्या शिकवणीत पाळक पहिल्याच बैठकीत मरणाचं काढतात! 'मरणाने वेगळे होईपर्यंत' ही शपथ घेणार ना, मग जोडीदार आधी गेला तर आपल्याजवळ काय उरेल, ते दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहायचं. मग कागद बदलून वाचायचे, मध्ये बोलायचं नाही. अभद्र वाटेल तुला. पण 'काहीच उरणार नाही' असं कोणी लिहिलं, की पाळक तिथेच थांबून समजावतात. इफिस 5:32 प्रमाणे लग्न ही ख्रिस्त आणि मंडळी (चर्च) यांच्या नात्याची नुसती खूण, देवाची जागा नव्हे. जे देवाकडे मागायचं ते नवऱ्याकडे मागितलं, की तो कितीही भला असला तरी कमीच पडतो, आणि घरात रोजची कुरबूर सुरू होते.

पप्पांची भीती उलटी आहे, की देवाच्या नावाने लोक घरच विसरतील, आणि ती खोटी नाही. 'बायका असलेल्यांनी नसल्यासारखं असावं' (1 करिंथ 7:29) हे धरून काही जण सेवेच्या नावाखाली घर वाऱ्यावर सोडतात. त्याच अध्यायातलं पाचवं वचन त्यांना दिसत नाही: दूर राहायचं ते दोघांच्या संमतीने, थोडा काळ, प्रार्थनेसाठी, आणि मग पुन्हा एकत्र. मार खाणाऱ्या बाईला 'सोस, स्वर्गात फळ मिळेल' म्हणणं तर पापच. 1 पेत्र 3:7 नवऱ्याला बजावतं: तिला मान दिला नाहीस तर तुझ्याच प्रार्थना अडतील. आणि घरच्यांची तरतूद न करणारा अविश्वासणाऱ्यापेक्षा वाईट, हे 1 तीमथ्य 5:8.

हे शेवटचं लिहिताना हात अडखळला. या महिन्यात पैसे कमी पाठवलेत, पुढच्या महिन्यात भरून काढते. पप्पांच्या औषधात मात्र काटकसर नको.

लग्न आपल्याच मंडळीत करायचं, आम्हा दोघांचं ठरलंय. लग्नाची घोषणा चर्चमध्ये तीन रविवार वाचावी लागेल, पाळकसाहेबांच्या कानावर घाल. रजा दहाच दिवसांची आहे, रागावू नकोस.

आजी काय म्हणाली ते कळव.

तुझी,
बेबी