सोमाटण्याच्या पुढच्या नर्सरीतल्या मावशींना, गावठी गुलाबाबद्दल

मावशी, नमस्कार.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. चहा आणतो म्हटलं तर तोही नको म्हणालात, उलट आईलाच तुमच्या डब्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा खायला लावलात. मग आता पत्र लिहिण्याशिवाय माझ्या हातात काय उरतं? मोबाइलवर आलेलं सगळं नात वाचून दाखवते असं म्हणाला होतात. तिला म्हणावं, हे जरा सावकाश वाच. चारचौघांत लिहितोय ते मुद्दाम. तुमच्याआधी ज्यांनी ज्यांनी आम्हाला वाटेला लावलं, त्यांच्यापैकी एखाद्याच्या तरी नजरेला हे पडावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तर, कलम लागलं. आईचा गुलाब जगला.

तुम्हाला आमची गोष्ट अर्धीच माहीत आहे, कारण तुम्ही फार चौकशा केल्या नाहीत. आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. चार मजल्यांची जुनी इमारत पाडून तिथं टॉवर उभा राहतोय, खाली दोन मजले पार्किंग. म्हणजे सगळी जमीन खोल खणली जाणार. मीटरच्या खोलीमागं, जिथं कोणी फिरकत नाही अशा कोपऱ्यात, आईचा गुलाब होता. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी वाईला गेली तेव्हा तिथून काडी आणली, ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीनं, आणि पुण्यात आल्यावर जमिनीत खोचली. लागली. ना मुळं फुटायची पावडर, ना पिशवी. पुढं त्याचं खोड माझ्या मनगटाएवढं झालं. फूल दिसायला काही खास नाही. फिकट गुलाबी, चपटं, दुपारपर्यंत मान टाकणारं. पण वास असा की मीटर रीडिंग घ्यायला येणारा माणूस एक तोडून खिशात घालून न्यायचा, आणि आई त्याला कधी बोलली नाही. उन्हाळ्यात बरणीत पाकळ्यांचा एक थर, खडीसाखरेचा एक थर, असं भरत जायचं आणि बरणी गच्चीवर उन्हात. आमच्या घरात विकतचा गुलकंद कधी आला नाही.

जागा सोडायचं पत्र आलं तेव्हा घरात सगळे कपाटं आणि फ्रीज कुठं ठेवायचे याची यादी करत होते. आईनं एकच विचारलं, "गुलाबाचं काय?"

इथून पुढं मी शहाण्यांच्या दारोदार फिरलो. बिल्डरच्या माणसाला विचारलं, पाडकामाआधी ते झाड मुळासकट काढून देता येईल का. तो म्हणाला, "सर, लँडस्केपिंगमध्ये गुलाब टाकतोय की आपण." एक बागतज्ज्ञ घरी येऊन गेले. घरी येण्याची फी आधी ऑनलाइन घेतली, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली वाकून झाड पाहिलं, जिना उतरायची तसदी घेतली नाही, आणि संध्याकाळी टेरेस गार्डनचं कोटेशन पाठवलं. त्यात फायबरचा कारंजाही होता.

मग शहरातली ती मोठी नर्सरी. आत कॉफी मिळते, कुंड्यांना इटालियन नावं आहेत. तिथल्या मुलाला मी आईच्या झाडाची फांदी दाखवली. त्यानं ती हातातही घेतली नाही. "गावठी आहे हो. त्यापेक्षा हा डच घ्या, फूल आठवडाभर टिकतं." मग त्यानं पावडरची डबी, कोकोपीटची वीट आणि फवाऱ्याची बाटली असं सगळं बिलात लावलं. ती वीट वापरायच्या आधी दोनतीन पाण्यांतून धुवायची असते, नारळाच्या काथ्यात खार असतो, हे सांगायला त्याला वेळ झाला नाही. ते मला तुमच्याकडून कळलं. तोवर पावसाळ्यात लावलेल्या काड्या बुडापासून काळ्या पडत वर गेल्या होत्या. तक्रार घेऊन गेलो तर म्हणाला, "गुलाब कटिंगनं येतच नाही सर." ज्या दुकानानं कटिंगची पावडर विकली, त्याच दुकानानं हे सांगावं!

नातेवाइकांच्या ग्रुपवर तर काय, दिवाळीच होती. कोणी मध सांगितला, कोणी कोरफडीचा गर, कोणी दालचिनी. एका आत्यानं बटाट्यात काडी खोचायचा व्हिडिओ पाठवला. आईनं तोही प्रयोग केला, म्हाताऱ्या माणसाचा जीव असा अडकलेला असतो. बटाट्याला छान कोंब आले.

तुमच्याकडं आम्ही ठरवून आलो नव्हतो. लोणावळ्याहून परतताना आईला पाणी हवं होतं म्हणून जुन्या हायवेवर गाडी थांबवली. हिरव्या शेडनेटचा मांडव, पुढं कढीपत्त्याची आणि तुळशीची रोपं, आणि मागं तुम्ही पाटावर बसून गुलाबाच्या काड्यांवर डोळे भरत होतात, म्हणजे एका झाडाचा कोंब दुसऱ्याच्या सालीत बसवत होतात. चाकूनं सालीला टीचभर चीर, आत डोळा सरकवला, पट्टी गुंडाळली, पुढची काडी. आमच्याशी बोलताना एकदाही तुमचा हात थांबला नाही. मावळातल्या पॉलीहाउसमध्ये बरीच वर्षं काढलीत हे नंतर कळलं. टॉप सिक्रेट, ताजमहाल या तिथल्या गुलाबाच्या जाती, जानेवारी संपता संपता सुरू होणारी ती परदेशच्या मालाची घाई, चौदा फेब्रुवारीच्या आत पोचलं पाहिजे म्हणून रात्री उशिरापर्यंत चालणारं ग्रेडिंग. "आम्ही लाल फुलं बांधायचो, पण घरी न्यायची नाहीत," एवढंच म्हणालात आणि हसलात.

आईनं तुम्हाला गुलाबाचं सांगितलं. तोवर प्रत्येकानं आम्हाला विचारलं होतं, व्हरायटी कोणती. तुम्ही विचारलंत, "कुणाकडनं आणलेला?"

आई म्हणाली, माझ्या आईकडून, वाईहून.

मावशी, त्या प्रश्नानंतर आई जी बोलायला लागली, ती महिनाभरात एवढी बोलली नव्हती.

पुढच्या रविवारी आम्ही ओल्या गोणपाटात फांद्या घेऊन आलो. तुम्ही एकेक हातात घेऊन बघितलीत, कोवळी टाकलीत, फार जून टाकलीत, फूल नुकतंच गळून गेलेली पेन्सिलीएवढी जाड तेवढी ठेवलीत. काय कसं कापलंत, कशात बुडवलंत, ते मी इथं लिहीत बसत नाही. ज्याला हवं त्यानं तुमच्याकडं यावं, चार रोपं विकत घ्यावीत आणि बघावं. मला सांगायचंय ते त्यानंतरचं.

तुमच्या प्रत्येक वाफ्यात पट्टी खोचलेली होती. दह्याच्या डब्यांच्या कापलेल्या पांढऱ्या पट्ट्या, वर जातीचं नाव. तुम्ही कानामागची पेन्सिल काढलीत. मी पेन पुढं केलं तर म्हणालात, "शाई पाण्यानं जाती. पेन्सिल ऱ्हाती." आणि आईकडं बघून विचारलंत, "आईचं नाव काय तुमच्या?" माझ्या आजीचं नाव त्या पट्टीवर लिहिलंत आणि काड्यांच्या पुढ्यात खोचलीत. एका बाजूला ताजमहाल, एका बाजूला टॉप सिक्रेट, मधे आजी.

आजीला जाऊन बरीच वर्षं झाली. तिचं नाव सातबाऱ्यावर कधी लागलं नाही, घराच्या पाटीवर लागलं नाही, लग्नपत्रिकांत ती कायम 'सौभाग्यवती' आणि पुढं आजोबांचं नाव अशीच आली. आई ती पट्टी कितीतरी वेळ बघत उभी होती. मी फोन बघायचं नाटक केलं.

आणि मग तुमचं दुसरं वाक्य. "समद्या नेऊ नका. निम्म्या माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. तुमच्या गेल्या तर माझ्या असतील, माझ्या गेल्या तर तुमच्या." ज्या झाडाला बाजारात किंमत नाही, ज्याची फुलं संध्याकाळपर्यंतही धड टिकत नाहीत, त्यासाठी तुम्ही तुमच्या सावलीतली, पाण्याखालची जागा अडवून ठेवलीत. त्या जागेत विकाऊ रोपं बसली असती. हा हिशेब मला येतो, मावशी, तुम्हाला तर येतोच येतो.

घरी नेलेल्यांपैकी एक काडी तुम्ही आईसाठी मुद्दाम पारदर्शक ग्लासात लावून दिलीत, बाहेरून वर्तमानपत्र गुंडाळून. "उपटून बघायचा मोह हुतो, त्यापेक्षा कागद सोडून बघा, परत गुंडाळा." आणि पालवीचं जे सांगितलंत ते तर मी ऑफिसातही सांगत असतो. आठवड्या-दोन आठवड्यांत काड्यांना तांबूस कोंब आले, आई हरखून गेली, मी तुम्हाला फोन केला, तर तुम्ही थंडपणे म्हणालात, "ती फूट उधारीवरची हाय. काडीच्या अंगातलं खाऊन फुटलीय. मुळी आली की मग रोखीचा धंदा." खरंच, त्यातल्या काही काड्या कोंबांसकट वाळून गेल्या. तुम्ही आधी सांगून ठेवलं नसतंत तर आईनं तिथंच हाय खाल्ली असती. पावसाळ्यात नेमकं हेच झालं होतं आणि तेव्हा तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

मी नंतर थोडं वाचलं, सवयीचा दोष. मुळं फुटायच्या पावडरीत जे द्रव्य असतं, इंडोल ब्युटिरिक ॲसिड, त्याचा हा गुण १९३५ साली अमेरिकेत झिमरमन आणि विल्कॉक्सन या दोघांनी दाखवून दिला. झाड स्वतःही त्याच्याच जातकुळीतला रस शेंड्याकडं आणि कोवळ्या पानांत बनवतं आणि तो खाली बुडाकडं उतरतो. म्हणूनच तुम्ही वरची दोन पानं ठेवायला लावलीत, म्हणूनच काडी उलटी लागली तर सहसा नीट मूळ धरत नाही. तुम्ही यातलं अक्षर न वाचता हे करत आलात. पण मला त्या दोघा शास्त्रज्ञांचा राग नाही, राग आहे तो मधल्या माणसांचा, ज्यांना डबी विकता येते आणि काडी हातात धरता येत नाही.

आणखी एक मनात येतं. पॉलीहाउसच्या त्या फुलांच्या जाती कोणाच्या तरी मालकीच्या असतात, लावायच्या तर रॉयल्टी द्यावी लागते. आईच्या गुलाबावर कोणाची मालकी नाही, म्हणून त्याची कोणाला फिकीरही नाही. असली झाडं आजवर टिकली ती एका बाईनं दुसरीला काडी दिली म्हणून. माहेरून सासरी, शेजारणीकडून शेजारणीकडं, मागितली तर नाही म्हणायचं नाही, असा तो व्यवहार. तुम्ही त्यात विचार न करता सामील झालात. एवढा साधा चांगुलपणा दिसला की मला हल्ली आधी संशय येतो, या माणसाला नक्की काय हवंय? तुम्हाला काही नको होतं. आईला हे तिथल्या तिथं कळलं, मला गाडीत बसल्यावर.

ग्लासातली मुळी आईनं पहिल्यांदा पाहिली तो प्रसंग सांगतो आणि संपवतो. भाड्याच्या फ्लॅटमधली गॅलरी, सकाळची वेळ, मी ऑफिसच्या घाईत. "अरे, इकडं ये, चष्मा आण." कागद सोडवला तर ग्लासाच्या भिंतीला चिकटून दोऱ्याएवढी पांढरी मुळी, टोकाशी किंचित पिवळसर, खाली उतरत गेलेली. शेजारी अजून दोन. बुडाशी तो फुगीर पांढरा गोळा, तुम्ही सांगितला होतात तसाच. आईनं पहिलं काय केलं माहीत आहे? कागद घट्ट गुंडाळला. "उजेड लागेल तिला," म्हणाली. मग तुम्हाला फोन लावायला सांगितला, तुम्ही उचलला नाहीत, भर लगीनसराईत तुम्हाला कुठला वेळ.

आता रोपं कुंडीत आहेत, एक माझ्या बहिणीकडं नाशिकला गेलं. ते टॉवरवाले पझेशन देतील तेव्हा देतील, तोवर गॅलरी चालतेय. तुमच्याकडच्या निम्म्या काड्यांपैकी ज्या लागल्या असतील त्या तुमच्याच. विका, वाटा, दारात लावा. फक्त पट्टी काढू नका.

मात्र एक तक्रार आहे. पहिल्या कळ्या खुडून टाकायच्या, रोपाचा जोर मुळीकडं जाऊ द्यायचा, असं तुम्ही आईला दोनदा बजावलं होतंत. श्रावणात कळी आली. आईनं खुडली नाही. मी म्हटलं तर माझ्यावरच डाफरली. फूल उमललं, बोरावाणी लहान, आणि ते मान टाकेपर्यंत येईल त्या प्रत्येकाला त्याचा वास घ्यायला लावला. आता दुसरी कळी धरलीय आणि ती म्हणते, मावशींना विचार, ही तरी ठेवू का. माझं ती ऐकत नाही. शिवाय ऑक्टोबरला यंदा हलकी छाटणी घ्यायची की वर्षभर हात लावायचा नाही, तेही तिला हवंय. नातीला सांगून दोन्ही गोष्टींचं उत्तर तेवढं कळवा, किंवा आम्ही दसऱ्याआधीच्या रविवारी येतोच आहोत, तेव्हा तिला समोरासमोर रागवा.

येताना मागच्या वर्षीच्या गुलकंदाची उरलेली बरणी आणतोय, जुन्या झाडाची शेवटची. ती नको म्हणू नका, आई ऐकणार नाही.

तुमचा,
गुलाबवाले दादा
(हे नाव तुम्हीच ठेवलंत, आता घरातही तेच चालतं)