उशिरा उमगलेला शोधनिबंध

संपादक महोदय,

संशोधकाच्या निबंधांचा संदर्भ इतरांनी किती वेळा दिला, हा आकडा एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीतही धरला जातो. पण चांगल्या संशोधनाची दखल कधी फार उशिरा घेतली जाते; संगणकशास्त्रज्ञ सेप होखरायटर यांचे उदाहरण पाहावे. क्रमाने येणारी माहिती वाचणाऱ्या न्यूरल नेटवर्कला (उदाहरणांतून शिकणाऱ्या संगणकीय जाळ्याला) खूप मागचे लक्षात का राहत नाही, याचे कारण त्यांनी १९९१ मध्ये म्युनिकमध्ये विद्यार्थी असताना आपल्या प्रबंधात शोधले. चूक सुधारणारा संकेत एकेक पायरी मागे जाताना क्षीण होत होत नाहीसाच होतो. तो प्रबंध जर्मन भाषेत होता. मार्गदर्शक युर्गेन श्मिडहुबर यांच्यासह सुचवलेला उपाय, म्हणजे मागचे दीर्घकाळ लक्षात ठेवणारी एलएसटीएम ही रचना, १९९७ मध्ये निबंधरूपाने प्रसिद्ध झाला. आज त्याचे संदर्भ हजारोंनी मोजतात, पण त्यातले बहुतेक गेल्या दहा-बारा वर्षांतले आहेत. संगणकांची ताकद वाढली, तेव्हा कुठे ते तंत्र आवाज ओळखायला आणि २०१६ मध्ये गुगलच्या भाषांतरयंत्रणेत वापरले गेले.

नियतकालिकांचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यांतल्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळाले याचे माप, तर मागच्या दोनच वर्षांतल्या लेखांचा हिशेब धरतो. या मापाने आपल्याकडच्या तरुण प्राध्यापकांची बढती अडवणे अन्यायाचे आहे. निवड समितीतल्या सदस्यांनी उमेदवाराचे दोन निबंध तरी स्वतः वाचावेत, अशी कळकळीची विनंती.

– एक प्राध्यापिका, नाशिक