सर क्रीकची हद्द ठरेल तेव्हा ठरेल, आमचे खलाशी आधी आणा

मा. परराष्ट्रमंत्री, भारत सरकार यांस,

महोदय,

मासेमारीवरची पावसाळी बंदी उठली की डहाणू-तलासरीच्या पाड्यांतली पोरं वेरावळ, पोरबंदर, ओख्याच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. घरचं भात वर्षाला पुरत नाही, त्यामुळे दर्या. त्यातल्या काहींना हद्द ओलांडली म्हणून पाकिस्तान पकडतो आणि त्यांचा पुढचा पत्ता कराचीचा मलीर तुरुंग असतो.

कारण भारत-पाकिस्तान हद्दीवरची, कच्छच्या टोकाची 96 किलोमीटरची एक चिखलाची खाडी, सर क्रीक. या भांडणाचं मूळ कागदपत्र आमच्या मुंबईचंच, हे फारसं कुणी बोलत नाही. कच्छचे राव आणि सिंध यांच्यात सरपणावरून तंटा लागला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून मुंबई सरकारने 1914 साली ठराव केला. त्याच्या नकाशातली हिरवी रेघ दाखवून पाकिस्तान म्हणतो, खाडीचा पूर्वेचा काठ ही हद्द. आपण म्हणतो, जिथे नाव चालते तिथे हद्द मध्यावरून. 1968 च्या लवादाने कच्छच्या रणाचा निकाल दिला, खाडी तशीच राहिली. 2007 मध्ये दोघांनी मिळून पाहणीही केली. खाडीचं तोंड कुणाचं हे ठरत नाही, म्हणून तिथून पुढे समुद्रात जाणारी रेघही ठरत नाही. इंजिन बंद पडलेल्या, ओढीला लागलेल्या बोटीवरच्या तांडेलाने, म्हणजे बोट हाकणाऱ्याने, ती पाण्यात शोधायची कशी?

ऑक्टोबर 2025 मध्ये संरक्षणमंत्री भुजला म्हणाले, कराचीचा एक रस्ता या खाडीतून जातो. साहेब, आमची माणसं त्या बाजूने कधीच कराचीत पोचली आहेत.

हद्दीचं मी तुमच्याकडे मागत नाही. ते सोपं नाही, हे कळतं. 2008 च्या करारानुसार दोन्ही देश दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला कैद्यांच्या याद्या देतात. 1 जुलै 2025 च्या याद्यांत त्यांच्याकडे आपले 193 मच्छीमार होते, आपल्याकडे त्यांचे 81. याच करारात लिहिलंय, शिक्षा संपली आणि राष्ट्रीयत्वाची खात्री झाली की महिन्याभरात सुटका. ही खात्री कोण करतं? आपलंच सरकार. नाव, बापाचं नाव, गाव असलेला कागद दिल्लीहून जिल्ह्याला, तिथून पोलीस ठाण्याला येतो. रेशनकार्डावर एक पाडा, आधारवर दुसरा, नावात एक काना कमी, एवढ्यावर कागद परत फिरू शकतो. दोष पाकिस्तानचा आहेच. 2021 मध्ये त्यांच्या गोळीबारात पालघरचा एक मच्छीमार बोटीवरच गेला. पण हा कागद तरी आपल्या हातातला आहे.

म्हणून पुढच्या यादीत प्रत्येक नावापुढे दोन तारखा छापा. पडताळणीची विनंती कधी आली आणि उत्तर कधी गेलं. घरच्यांना निदान विचारायचं कुणाला, हे तरी कळेल. दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची कैद्यांसाठीची समिती ऑक्टोबर 2013 नंतर कुठल्याच तुरुंगात गेलेली नाही. तिला तिकडच्या तुरुंगात पाठवायचा आग्रह धरा. आणि आपल्या तुरुंगातल्या त्यांच्या मच्छीमारांपैकी ज्यांची शिक्षा संपली असेल, त्यांना आपणच आधी सोडा. तेही जाळी ओढणारेच आहेत.

आपला,
पालघर किनाऱ्यावरचा एक रहिवासी